भाजणी सगळ्यांना दिसणार!

…आणि वर मलाच विचारते, "बाबा, तुम्ही घाबरताय कशाला?" आता घाबरू नको तर काय करू हो? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं पिठाची गिरणी चालवतोय, मशीनचा पट्टा तुटून कानाजवळून सूं करत गेलाय, दगड फुटलाय, एकदा कुणाच्या तरी गव्हातून अख्खी अंगठी जात्यात गेली आणि अशी ठिणगी उडाली की मी ओरडायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो... पण तेव्हासुद्धा पोटात असा गोळा आला नव्हता, जसा 'वेबसाइट' म्हटल्यावर येतो. आत्ता तुमच्याशी बोलतोय ना, तरी आहे. हा इथे. बरगडीच्या खाली.

मी काशीनाथ भोईर. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या रस्त्यावर माझी गिरणी. वडील मिठागरावर होते, मी पिठात, म्हणजे अंगावर पांढरं घेऊन घरी यायचं हे आमच्याकडे दोन पिढ्यांचं. माणूस मी शांत. गिरणीवाल्याला घाई करून चालतच नाही, घाई केली की पीठ गरम होतं. कुणाला काय कसं दळून लागतं ते सगळं मी वहीत लिहून ठेवतो, ज्वारी कुणाला बारीक, गहू कुणाला रवाळ, कुणाचे तांदूळ बेसनावर टाकायचे नाहीत, सगळं. रोज. तारीख घालून.

पण नुसत्या दळणावर आता गिरणी चालते का? लोकांनी घरात छोट्या चक्क्या घेतल्या, उरलेले पाकीट फोडतात. गिरणी तगलीय ती भाजणीवर. आमच्या हिची, अंबिकेची भाजणी! ती घरी भाजते, मी दळतो. चकलीची, थालीपिठाची. तांदूळ वेगळे, डाळी वेगळ्या, धणे-जिरे शेवटी, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, हात भरून येतात हो. म्हणून तर लोक घेतात. पण कसे घेतात? आता हे जरा जवळ येऊन ऐका... गुपचूप घेतात!

घरचाच डबा घेऊन यायचं, इकडे तिकडे बघायचं, "भोईर, ते आमचं... झालं का?" असं विचारायचं. 'ते'! भाजणी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. डबा भरून घ्यायचा, वर पेपर दाबायचा, आणि दिवाळीला चकल्या पुढे करून म्हणायचं, "घरचीच आहे हो भाजणी, विकतचं आमच्याकडे चालत नाही." अशा अकरा बायका आहेत माझ्या. म्हणजे माझ्या गिऱ्हाईक आहेत, हसू नका. त्यांची नावं मी वहीतसुद्धा लिहीत नाही. 'पितळी कडीचा डबा', 'झाकणाला पोचा', 'निळी पिशवी', एवढंच. उद्या वही कुणाच्या हाती लागली तर? अकरा जणींची दिवाळी माझ्या एका वहीत आहे! माझं दुकान भाजणीवर चालतं, आणि भाजणी माझ्या गप्प बसण्यावर.

आणि ही आमची कन्या रुचिता, ऑफिसला अंधेरीला जाते, कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, ती एक दिवस जेवताना म्हणते, "बाबा, आपली वेबसाइट करू या."

मी म्हटलं, "ती काय करते?"

"आपल्याकडे काय मिळतं, ते दाखवते."

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

माझा घास हातातच. "म्हणजे... सगळ्यांना दिसणार?"

"सगळ्यांना दिसणार, बाबा! फोनवर 'चकली भाजणी, भाईंदर' असं टाकून बघा, आपण कुठेच नाही. समोरच्या मॉलमधला पाकीटवाला येतो. अजून दोन दिवाळ्या अशा गेल्या ना, तर गिरणीचं शटर मलाच ओढावं लागेल."

आता हे खोटं होतं का? नव्हतं. म्हणून तर भीती. न केली तर गिरणी जाणार, केली तर गिऱ्हाइकं जाणार!

मग वेबसाइट करायची कशी, यावर आमच्या घरात पंधरा दिवस खल. अंबिका म्हणाली, जाणत्या माणसाला विचारा. जाणता माणूस म्हणजे धर्मेश. जेसल पार्कला त्याचं ऑफिस आहे, काचेचं, आत इतकं गार की मी चपला काढल्या आणि पाय गारठले. पोरगा गोड हो. म्हणतो, "काका, टेन्शन मत लो. आपडे एकदम फर्स्ट क्लास बनावीशुं. सबसे ऊपर क्या आयेगा, तर भरोसा! तुमच्या दहा-बारा रेग्युलर लेडीजचे फोटो, नाम, बिल्डिंग का नाम, फ्लॅट नंबर नको, प्रायव्हसी पण पायजे ना... आणि खाली मोठ्या अक्षरात, 'आमच्या चकलीचं रहस्य, भोईर!'"

रहस्य! अहो, रहस्य मोठ्या अक्षरात लिहितात का कुठे? माझ्या डोळ्यांपुढे पितळी कडीचा डबा आला, झाकणाला पोचा आला, एकेक डबा फोटोत हसायला लागला... मी विचारलं, "धर्मेशभाई, हे सगळ्यांना दिसणार?" तो खुर्चीत मागे रेलला. "काका, वही तो पॉइंट है!"

मी चपला घातल्या. उलट्या घातल्या, हे खाली रिक्षात बसल्यावर कळलं.

मग आमच्या वरच्या मजल्यावरची हेमाली. केक करते घरी. ती म्हणाली, "अरे काका, वेबसाइट-फेबसाइट छोडो ने! फोनवर पेज काढायचं, रील टाकायची, कस्टमरला टॅग करायचं." टॅग म्हणजे काय विचारलं, तर म्हणते, "तिचं नाव चिकटवायचं. मग तिच्या सगळ्या फ्रेंड्सला दिसतं." पुन्हा तेच! जो येतो तो सगळ्यांनाच दाखवायला निघालाय, कुणालाच न दाखवता धंदा करायची काही सोय या देशात आहे की नाही?

मी नको म्हणायच्या आत ही मंगळवारी सकाळी गिरणीवर हजर, फोन वर धरून, "काका, डब्बा खोलो, स्माइल!" आणि मंगळवारी कोण असतं रांगेत? सामंतकाकू!

थांबा, सामंत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुष्पलता सामंत. गिरगावातून इंद्रलोकला येऊन यांना वीस वर्षं झाली. सोसायटीच्या फराळ स्पर्धेत चकलीचा पहिला नंबर सलग सात वर्षं यांचा. बक्षीस घेताना माइकवर सांगतात, "भाजणी हाताने भाजावी लागते, त्याला पर्याय नाही." हात कुणाचे? अंबिकेचे! त्या येतात मंगळवारी. आणि यांची सून चांदणी, ती येते गुरुवारी. होय, तीपण! सासूला वाटतं सून रविवारी आपण भजनाला गेल्यावर भाजते. सुनेला वाटतं सासू आपण ऑफिसला गेल्यावर भाजते. घरात दोघींचे दोन डबे. आणि दोघी माझ्याकडे येऊन एकमेकींची चौकशी करतात. सासू म्हणते, "ती इथे येत नाही ना हो?" मी म्हणतो, "छे, फिरकतसुद्धा नाहीत." सून म्हणते, "काका, आई नेत नाहीत ना इथून?" मी म्हणतो, "त्या? त्यांचा हात बघा, त्या कशाला नेतील!" आठ वर्षं. मंगळवारी एक खोटं, गुरुवारी दुसरं. मी खोटं बोलणारा माणूस नाही हो, पण दोन्ही डब्यांत एकच पीठ, ते कसं सांगणार?

तर हेमालीचा फोन वर झाला आणि सामंतकाकूंनी काय केलं असेल? पदर तोंडावर ओढला, शेजारचा कुणाचा तरी डबा उचलला, "झाली का माझी ज्वारी? बरं, येते," म्हणून तरातरा निघून गेल्या! दुसऱ्याची ज्वारी घेऊन! ती परत आणायला मला संध्याकाळी जावं लागलं, तेही चांदणी घरी यायच्या आत, जिन्याने, लिफ्टमध्ये कॅमेरा आहे म्हणून. आता माझं वय आहे का हे?

शेवटी रुचिताने लॅपटॉप उघडला. "बाबा, एजन्सी नको, रील नको. तयार साच्यातली करू. मी बसते, तुम्ही फक्त सांगा." तयार साचा म्हणजे खोली बांधलेलीच असते, आपण फक्त आपलं सामान लावायचं. बरं वाटलं जरा. पहिलाच प्रश्न, तुमचा व्यवसाय निवडा. रेस्टॉरंट, योगा, दातांचे डॉक्टर, लग्नाचे फोटो, कुत्र्यांचे केस कापणारे... कुत्र्यांचे! आणि पिठाची गिरणी? नाही! मग त्यातल्या त्यात जवळचं म्हणून बेकरी घेतली. तिथे एक गोरी बाई पावाला मिठी मारून हसत होती, तिला काढून अंबिकेची कढई लावली. पुढचा प्रश्न, तुमची गोष्ट सांगा. मी म्हटलं, पुढे चल. आमची गोष्ट म्हणजे अकरा बायकांची गोष्ट, ती न सांगणं हाच तर धंदा!

आणि मग ती ऑर्डरच्या पानावर आली. नाव, फोन, राहता कुठे, किती किलो. मी लगेच, "हे सगळ्यांना दिसणार?"

"नाही बाबा. हे फक्त तुम्हाला दिसणार."

"फक्त मला?"

"फक्त तुम्हाला. उलट गुपचूप होईल की! गिरणीवर रांगेत उभं राहायला नको, इकडे तिकडे बघायला नको. फोनवरून ऑर्डर, येता-जाता डबा उचलला, खलास."

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा तो गोळा विरघळला. मला वाटलं, अरे, हे तर आमच्या धंद्यासाठीच काढलंय! मी स्वतः, लक्षात घ्या, मी स्वतः मंगळवारी सामंतकाकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, आता फोनवरून करा. कुणाला कळणार नाही, माझा शब्द." आणि गुरुवारी चांदणीला, "सूनबाई, फोनवरून करा. माझा शब्द." अकराच्या अकरा बायकांना शब्द देऊन बसलो!

दसऱ्याला वेबसाइट उघडली. अंबिकेने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, साखर ठेवली, रुचिता ओरडली, "आई, की-बोर्डवर नको!" मीही नमस्कार केला. इतका मनापासून की आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रुचिता ऑफिसला. अकराचा सुमार, गिरणी चालू. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, नवघर गावातले, तांदूळ दळायला घेऊन बाकावर बसलेले. मी हात पुसून फोनवर आपली वेबसाइट बघतोय. कढई दिसली, नाव दिसलं, 'भोईर यांची भाजणी', ऊर भरून आला... आणि तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातून एक पट्टी वर आली. हळूच. शेजारी छोटासा फटाका उडत होता. पट्टीवर काय असावं?

'पुष्पलता, इंद्रलोक, यांनी नुकतीच चकली भाजणी घेतली. दोन किलो. चार मिनिटांपूर्वी.'

मी चष्मा काढला. पुसला. घातला. पट्टी गेली होती. म्हटलं भास झाला. तर दुसरी वर आली!

'चांदणी, इंद्रलोक, यांनी नुकतीच चकली भाजणी घेतली. दोन किलो. नऊ मिनिटांपूर्वी.'

अहो, भास कसला! त्या बेकरीच्या साच्याबरोबर ती पट्टी आलेली, आपोआप चालू होणारी, म्हणजे आलेल्या माणसाला वाटावं की इथे किती खप आहे! परदेशात कुणी पाव घेतला तर तो मिरवतात म्हणे. पावाचं ठीक आहे हो! पावाला कुठे सासू असते?

मी दाजींना फोन दाखवला. "दाजी, हे फक्त मलाच दिसतंय का?" दाजींनी आपला फोन काढला, डोळ्यांजवळ नेला. "न्हाय रं काशा, मनापन दिसतंय. ह्यो बघ फटाका बी हाय. सगल्यांना दिसतंय ह्ये!"

सगळ्यांना दिसतंय! आता बंद कसं करायचं? मी रुचिताला फोन लावला, मीटिंगमध्ये. म्हटलं मेसेज करतो. घाई आहे म्हणून लिहायची सवय जाते का? 'चि. रुचितास अनेक आशीर्वाद. आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी...' इथपर्यंत लिहितोय तोवर तिसरी बाई वर आली, चौथी आली, फटाके उडतायत! मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी धावत गेलो आणि गिरणीचा मेन स्विच खाली ओढला.

धाप धाप करत गिरणी थांबली. पंखा थांबला. दाजी अंधारात, "काशा, लाइट गेली का रं?"

"वेबसाइट बंद केली!"

"ह्या खटक्यावर हाय ती?" दाजींनी पुन्हा फोन डोळ्यांजवळ नेला. "चालू हाय रं. पाचवी आयली. आनि मंग माजं तांदूल कवा दलनार?"

आणि दारात कोण उभं? चांदणी. ऑफिसच्या कपड्यांत, फोन पुढे धरून.

"काका. ही पुष्पलता कोण?"

मी म्हटलं, "असेल कुणीतरी... नालासोपाऱ्याची."

"इथे इंद्रलोक लिहिलंय."

"इंद्रलोक काय, केवढं मोठं आहे गं..."

"काका!" तिचा आवाज असा चढला ना. "आठ वर्षं! 'चांदणी, डाळ मंद आचेवर. चांदणी, घाई नको, घरभर वास सुटला पाहिजे. आमच्या गिरगावला असं नव्हतं हं चांदणी.' मी रडायचे हो भाजून भाजून, करपली म्हणून! म्हणून तुमच्याकडून न्यायला लागले. आणि त्या स्वतः..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर रिक्षा थांबली. मी बघितलं नाही. मला बघायची गरजच नव्हती. रिक्षावाल्याला "सुट्टे रखो भैया, रखो!" असं म्हणणाऱ्या सामंतकाकू मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. आत आल्या त्या ओरडतच, "भोईर! ही चांदणी कोण?" आणि समोर... चांदणी.

गिरणी बंद. पंखा बंद. दाजींनी फोन खिशात घातला. मी दगडाच्या पेटीमागे सरकलो. मनात म्हटलं, संपलं. हे घर मोडलं, उद्या बाकीची, परवा माझी गिरणी.

सासूने तोंड उघडलं. "तू... ऑफिसला नाही गेलीस?"

"हाफ डे घेतला. तुम्ही भजनाला नाही गेलात?"

"भजन रविवारी."

मग सासू अगदी हळू म्हणाली, "म्हणजे गेल्या दिवाळीला तू माझी चकली 'जरा कडकच झालीय' म्हणालीस, ती..."

"आणि तुम्ही माझी तेल पिते म्हणालात, तीपण..."

"एकाच डब्यातली!"

"एकाच दिवशी दळलेली, आई!"

आणि हसायला लागल्या हो! आधी सून, मग सासू, हसत हसत सामंतकाकू कुणाच्या तरी गव्हाच्या पोत्यावर बसल्या, पदराने डोळे पुसायला लागल्या. दाजी हसायला लागले. मला इतकं हलकं वाटलं की मीपण हसलो... आणि तिथेच चुकलो! दोघी एकदम थांबल्या. दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"भोईर, तुम्ही काय हसताय? मला काय म्हणाला होतात? 'फिरकतसुद्धा नाहीत'!"

"आणि मला काका? 'त्यांचा हात बघा'!"

"तोंडावर सांगायचा हा माणूस, चांदणी, तोंडावर!"

"मला तर शब्द दिला होता, आई!"

"मलापण!"

आठ वर्षांत त्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे मी. हातात हात घालून गेल्या. खरंच, एका रिक्षाने गेल्या.

संध्याकाळी रुचिताने ती पट्टी एका बटणात बंद केली. एका! पण तोवर सात नावं फुटली होती, आणि उरलेली चार, या सातजणी जमल्यावर बाहेर पडायला किती वेळ लागतो? मी वाट बघत बसलो, आता लोक येणार, डबे अंगावर फेकणार. कुणी आलं नाही. कुणी भांडलं नाही. जे झालं ते त्याहून वाईट. ज्या घरात सासूचा एक आणि सुनेचा एक असे दोन चोरटे डबे जात होते, तिथे आता चोरी राहिली नाही, त्यामुळे दोन डब्यांची गरजही राहिली नाही! सामंतांकडे आता एकच डबा जातो. दोघी मिळून नेतात. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या दोन जावा, त्याही मिळून एकच. लपूनछपून होतं तोवर धंदा दुप्पट होता हो! रुचिता नाचत आली, "बाबा, चौदाशे लोकांनी साइट बघितली!" मी म्हटलं, "बघितली ना? दळायला किती आणलं?"

त्या अकरा जणींकडे या दिवाळीला निम्मी भाजणी गेली. आता नवीन लोक येतील, ऑनलाइन येतील, असं ती म्हणते. येतीलही. मी वाट बघतोय. हा इथे, बरगडीच्या खाली, वाट बघतोय.

आणि परवा तर वेबसाइटवर पहिला अभिप्राय आलाय. पाचपैकी चार तारे. खाली लिहिलंय, 'भाजणी उत्तम, खुसखुशीत, आमच्या घरी हीच लागते. एक तारा मालकासाठी कापला आहे, ते खोटं बोलतात. सौ. पुष्पलता व सौ. चांदणी सामंत.' मी रुचिताला म्हटलं, काढ ते. म्हणते, "काढता येत नाही बाबा, पण खाली उत्तर लिहायची सोय आहे. लिहा तुम्हाला काय वाटतं ते."

काय वाटतं ते! तुम्हाला सांगतो, चार दिवस कच्चं लिहिलं. एकदा दोन पानं झाली, आठ वर्षांचा खुलासा, तारखांसकट. फाडलं. एकदा नुसतं 'माफ करा' लिहिलं. तेही फाडलं. शेवटी काल दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, एका बोटाने टाइप करून टाकलं...

'आभारी आहे. डबा कोरडा आणावा.'